दहा मिनिटांच्या आत

पारा खुणेवर येऊन थांबतो असं आपण म्हणतो, पण तो लगेच थांबत नाही. काचेच्या नळीतून चढत आलेला धागा खुणेजवळ पोचला की त्याचा वेग मंदावतो. मग त्याचं फुगीर टोक केसभर पुढे जातं, केसभर मागे येतं, आणि भिंगातून पाहिलं तर शेवटच्या क्षणी किंचित थरथरतं. त्यानंतर कुठे ते स्थिर होतं.

सरकारी प्रयोगशाळेच्या तापमान विभागात ती सत्तावीस वर्षं हे बघत आली होती. दवाखान्यांचे, दूधकेंद्रांचे, रंगाच्या कारखान्यांचे, बेकऱ्यांचे थर्मामीटर तिच्या टेबलावर यायचे. पाण्याच्या टाकीत ते प्रमाण थर्मामीटरच्या शेजारी बुडवायचे, डोळा धाग्याच्या बरोबर समोर आणायचा, आणि आकडा वाचायचा. मात्र लगेच नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. "बुडवला की दहा मिनिटं थांबायचं. पहिला आकडा खोटा असतो."

हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की अख्खी इमारत तिला दहामिनिटेबाई म्हणू लागली. ते आडनावासारखंच वाटायचं. एकदा तर आवकजावक विभागातल्या नव्या कारकुनाने पाकिटावर सरळ 'श्रीमती दहामिनिटे' असं लिहून पाठवलं होतं. तिने ते परत केलं नाही. टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

त्याच खणात गेल्या वर्षीपासून आणखी एक पाकीट होतं. एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या मुख्य प्रयोगशाळेने तिला संचालकपद देऊ केलं होतं. पहिल्या पत्राला तिने उत्तर पाठवलं, 'विचार करून कळवते.' दुसऱ्याला, 'हातातली कामं संपवून कळवते.' तिसऱ्याला काय लिहिलं ते तिचं तिलाच आठवायला नको होतं. चौथं पत्र दोन ओळींचं होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होकार किंवा नकार कळवावा. त्यानंतर दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक होईल.

घरात मात्र निर्णय कधीच झाला होता. दादाने तो करून टाकला होता.

दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. ती सहा वर्षांची असताना वडील गेले, तेव्हा दादाने कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट सोडलं आणि वडिलांच्या मित्राच्या दुकानात शिलाईच्या मशीनवर बसला. धाकटी शिकली ती त्या मशीनच्या जोरावर. हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच ते इतकं जड होतं. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं. आता दुकान बंद करून त्याने मशीन घरातल्या पुढच्या खोलीत मांडलं होतं, आणि मोजक्या जुन्या गिऱ्हाइकांचं काम घ्यायचा. पत्र आलं त्या दिवशी त्याने दूधवाल्याला, समोरच्या कुलुपवाल्याला, आणि दाताच्या डॉक्टरांना, तेही तोंड उघडं असताना, सांगून टाकलं. "आमची धाकटी आता संचालक!" दुसऱ्या दिवशी गडद निळं कापड आणलं. संचालकाला कोट नको का?

तो कोट वर्षभर खिडकीजवळच्या पुतळ्यावर कच्च्या टाक्यांवर उभा होता. एक बाही टाचलेली, दुसरी नुसतीच टेबलावर. अडलं होतं ते लांबीवर. प्रयोगशाळेची हवा बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली, त्यामुळे कोट तिला तिथेही लागायचाच. पण टाकीत हात घालताना कफ भिजू नये म्हणून दादा तिच्या बाह्या मनगटाच्या वर चार बोटं ठेवायचा. संचालकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली पाहिजे.

"धाकटे, बाही किती ठेवू?" तो दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचा.

"बघू," ती म्हणायची.

"अहो, पाहुणे विचारतात," वहिनी आतून म्हणायची, "की त्या पुतळ्याचा हात कुणी नेला? मी काय सांगू?"

मनाला काय वाटतं ते बघावं, असं सगळेच सांगत होते. मन हे तिला फारसं विश्वासाचं उपकरण वाटत नव्हतं, पण दुसरं काही हाताशीही नव्हतं. मग तिने प्रयोग आखला. प्रश्न सरळ होता: इथल्या आयुष्यात आपल्याला सुख म्हणून नेमकं किती आहे? थोडंच असेल, तर निघावं. पुष्कळ असेल, तर पुढचा विचार करावा. एक हिरव्या पुठ्ठ्याची वही घेतली. दिवसभरात केव्हाही बरं वाटलं की घड्याळ बघायचं, आणि मग शून्य ते दहा या मोजपट्टीवर आकडा लिहायचा.

नव्वद दिवस तिने एकही नोंद चुकवली नाही. नव्वदाव्या दिवशी आलेख काढला, तर रेघ पाचावरून सरळ चाललेली. कुठे चार, कुठे साडेचार. एकदाच सहा होता, आणि तोही दातदुखी थांबली त्या दिवशीचा. पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ. तिला थोडं वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. इथे धरून ठेवण्यासारखं काही नाही, हे आकड्यांनीच सांगितलं होतं. तिने होकाराचं पत्र लिहिलं.

पण प्रयोगशाळेचा एक नियम होता, आणि तो तिच्या हाडीमाशी खिळलेला होता. दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय कुठलाही आकडा इमारतीबाहेर जात नाही. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती वही आणि पत्र घेऊन वजनबाईकडे गेली.

वजनबाई म्हणजे वजन विभागाची प्रमुख. बावीस वर्षांची मैत्रीण, आणि स्वतःच्या वजनावर विनोद करायचा हक्क फक्त स्वतःकडे राखून ठेवलेली बाई. तिने डबा बाजूला सरकवला, चष्मा पुसला आणि वही उघडली.

"हे काय आहे?"

"नोंदी."

"ते दिसतंय. कशाच्या?"

"माझ्या. मला बरं वाटल्याच्या."

वजनबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पानं उलटत राहिली. "अगं बाई! नव्वद दिवस पाच? माझी प्रमाण वजनं कपाटात काचेखाली असतात, तीसुद्धा धूळ बसून याहून जास्त हलतात." आणखी दोन पानं. "हे बघ. आठ तारीख. 'बरं वाटलं, सव्वासात. वाचन, सात पंचवीस. पाच.' काय झालं होतं सव्वासातला?"

"आठवत नाही."

"लिहिलं का नाहीस?"

"निष्कर्षाला त्याची गरज नव्हती."

"बरं. आणि सव्वासात ते सात पंचवीस काय करत होतीस?"

"थांबले होते."

"कशासाठी?"

"स्थिर व्हायला," ती म्हणाली. "पहिला आकडा..."

वजनबाईला ठसका लागला. ती खोकली, पाणी प्यायली, आणि मग इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

"प्रत्येक वेळी? नव्वद दिवस? बरं वाटलं की दहा मिनिटं गप्प बसून मग मोजायचं?"

"हसण्यासारखं काय आहे त्यात? पद्धत आहे ती."

"पद्धत आहे गं, पण कशाची?" वजनबाईने डोळे पुसले, आणि तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "तू थर्मामीटर टाकीत बुडवतेस आणि दहा मिनिटं थांबतेस. त्या दहा मिनिटांत तो कुठे असतो?"

"टाकीत."

"आणि इथे? तुला बरं वाटलं ती गोष्ट पुढच्या क्षणाला संपलेली. म्हणजे तू थर्मामीटर बाहेर काढलास, पुसलास, डबीत ठेवलास, आणि दहा मिनिटांनी डबी उघडून वाचलास. नव्वद दिवस तू खोलीचं तापमान मोजलंयस, दहामिनिटे. आणि ते पाच आहे. चांगलं आहे की. माझं तीन असेल."

कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं. ही चूक पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ माणसाने केली असती, तर तिने त्याला शांतपणे खुर्ची देऊन समोर बसवलं असतं.

"मी यावर सही करणार नाही," वजनबाई म्हणाली आणि वही मिटली. "पत्रावर तर नाहीच नाही. शुक्रवारला वेळ आहे. पुन्हा कर. लगेच वाच. आणि काय झालं ते लिही, नुसता आकडा नको."

"लगेच वाचलेला आकडा खोटा निघाला तर?"

"मग खोटा असेल. आधी बघ तर खरी किती आहे तो."

त्या दुपारी तीन वाजता ती जिना उतरत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गोल खिडकी होती, आणि तिथून आलेलं ऊन लोखंडी कठड्याच्या वीतभर भागावर पडलेलं होतं. थंड कठड्यावरून घसरत आलेला हात अचानक कोमट जागी पोचला. तिने तिथेच थांबून वही काढली आणि लिहिलं, 'जिना. कठडा. सात.' मग आपण लिहिलेल्या सातकडे ती जरा वेळ बघत राहिली. सात? कठड्याला?

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "ये गं, चादर धर." गच्चीवरून काढलेली मोठी चादर दोघींनी चार टोकांनी धरली, ताणली, झटकली. मग एकमेकींकडे चालत आल्या आणि वहिनीने तिच्या हातातली टोकं स्वतःच्या हातात घेतली. हे त्या आठवड्यातून दोनदा करायच्या, गेली कित्येक वर्षं. आज तिने तिथेच वही शोधली.

"काय लिहितेस?"

"चादर. आठ."

"आठ? आठ काय? एकच तर आहे," वहिनी म्हणाली. "त्या प्रयोगशाळेत तुम्हाला नक्की काय हुंगायला देतात?"

मंगळवारी सकाळपर्यंत नऊ नोंदी झाल्या होत्या, आणि तिला आता निर्णयापेक्षा नोंदींचंच कुतूहल जास्त वाटू लागलं होतं. नव्या पावाच्या कडेवर सुरी पहिल्यांदा फिरते तो आवाज. टोक केलेल्या पेन्सिलीचा वास. बसच्या खिडकीतून दिसलेला, तोंडात वर्तमानपत्र धरून मालकाच्या पुढे चालणारा कुत्रा. यात समान काय होतं? तिने चाचणी घ्यायची ठरवली. मंगळवारी दुपारी तीन वाजता ती मुद्दाम जिन्याच्या वळणावर गेली, कठड्याच्या त्याच वीतभर जागेवर हात ठेवला आणि वाट पाहिली. काहीही नाही. चौतीस-पस्तीस अंशांचं लोखंड होतं ते, बस. संध्याकाळी वहिनीला उगीचच म्हणाली, "चादर घालू या का घडी?" वहिनीने धुतलेली चादर नसल्याचं सांगितलं आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

म्हणजे बोलावून येणारी ही गोष्ट नव्हती. तिने वहीत लिहिलं, 'मागून मिळत नाही,' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

बुधवारी त्याला अपवाद सापडला. एका बेकरीचा थर्मामीटर आला होता, धागा मधेच तुटलेला. वरचा तुकडा एकटाच नळीत अडकून बसलेला. अशा वेळी बर्फात मीठ मिसळून त्यात नळीच्या तळाचा पाऱ्याचा फुगा बुडवायचा, म्हणजे सगळा पारा आकसून खाली फुग्यात उतरतो आणि तुकडा त्याला जाऊन मिळतो. धागा हळूहळू खाली गेला. मागोमाग तुकडा सरकला, अडला, परत सरकला, आणि फुग्याच्या तोंडाशी दोन्ही एक झाले. तिने रोखून धरलेला श्वास सोडला आणि लिहिलं, 'नऊ.' नंतर तो टाकीत बुडवला, आणि धागा खुणेजवळ येऊन थरथरला तेव्हा पुन्हा लिहिलं, 'आठ.' पुढच्या थर्मामीटरला परत आठ. त्याच्या पुढच्यालाही.

हे मात्र मागून मिळत होतं. तेही रोज.

तिने आधी संशय घेतला तो सवयीवर. पण सवयीने गोष्टी झिजतात. सत्तावीस वर्षांत हे झिजलं कसं नाही? टेबलाशी बसून ती याचा विचार करत राहिली, आणि तिला वाटलं की टाकीत बुडवलेला प्रत्येक थर्मामीटर तिला अनोळखीच असतो. हा खरं बोलणारा आहे की थापा मारणारा, हे त्या थरथरण्याच्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, आणि मग जगात पहिल्यांदा फक्त तिला कळतं. एवढंच. पण एवढं दिवसाला वीस-बावीस वेळा.

बुधवार संपेपर्यंत एकूण त्रेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या एकोणीस टेबलावरच्या होत्या.

मुख्य प्रयोगशाळेतली संचालकांची खोली तिने एकदा पाहिली होती. काच लावलेलं मोठं टेबल, फायली, दोन फोन. पाण्याची टाकी तिथे असण्याचं कारण नव्हतं. भिंतीवर शोभेचा एक थर्मामीटर होता. तो दोन अंश जास्त दाखवत होता, आणि खोलीतल्या कुणाच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी वजनबाईने वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. कुत्र्याच्या नोंदीपाशी तिचे ओठ हलले, पण ती हसली नाही. तिने खाली सही केली, तारीख घातली, आणि वही परत दिली.

"झालं. आता हा आकडा बाहेर जाऊ शकतो."

"हो," ती म्हणाली, पण उठली नाही.

"आता काय अडलंय? वर्षभर आकडे नव्हते. आता आहेत."

"दादाने सगळ्यांना सांगितलंय."

"म्हणजे आकड्यांसाठी थांबली नव्हतीस," वजनबाई हळूच म्हणाली.

"नाही."

"मग मला सही कशाला करायला लावलीस? जा घरी. तिकडे माझी सही चालत नाही."

ती घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. पुढच्या खोलीत अजून चांगला उजेड होता. दादा कोट हातात घेऊन तिची वाटच बघत होता.

"ये, घाल. उद्या उत्तर द्यायचंय ना? मग आज बाही लागलीच पाहिजे. काही बघू-बिघू ऐकणार नाही मी."

"ऐक एकदाचं त्यांचं," वहिनी दारातून म्हणाली. "नाहीतर मीच त्या पुतळ्याला नोकरीवर पाठवते."

तिने कोट घातला. दादाने चार टाचण्या ओठांत धरल्या, मोकळी बाही तिच्या खांद्याला लावली आणि एकेक टाचणी खोचत गेला. मग खडू घेतला. बाहीच्या शिवणीवर खांद्यापासून खाली रेघ ओढायला लागला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. एरवी ती खिडकीकडे बघायची. रेघ कोपराच्या वळणाशी आली तशी त्याची जीभ दातांत आली, भुवया वर गेल्या, हात मंदावला. आणि रेघ वळणातून सरळ बाहेर पडली तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी क्षणभर थरथरलं आणि शांत झालं. एका सेकंदाचं काम. दहा मिनिटांनी पाहिलं असतं, तर तिथे फक्त एक म्हातारा शिंपी दिसला असता.

"दादा, तुला ते कपड्याच्या कारखान्याचे मालक बोलवायला आले होते, आठवतं? मी कॉलेजात होते तेव्हा. चाळीस शिंप्यांवर देखरेख करायला."

"हं. खुर्ची देणार होते. वर पंखा."

"का नाही गेलास?"

"मी तर म्हटलं होतं जा म्हणून," वहिनी म्हणाली. "महिनाभर बोलले नव्हते यांच्याशी."

"ते बरे दिवस होते," दादा म्हणाला. "अगं, चाळीस जण शिवणार आणि मी काय करायचं? हात मागे बांधून फिरायचं? कापड कधी हाताला लागलं नसतं. आता ही रेघ बघ, ही अशी वळणातून निघते ना, तेव्हा..." तो थांबला.

"तेव्हा काय?"

"काही नाही. बरं वाटतं."

तिची नजर सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. मग तिने तो हात कोटाच्या खिशात घातला.

दादा खडू हातात धरून तसाच उभा होता. आपण काय बोललो ते त्याच्या कानांपर्यंत उशिरा पोचलं असावं. त्याने कोटाकडे पाहिलं, तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठांत उरलेली शेवटची टाचणी दादाने काढली, उशीत खोचली, आणि घसा साफ केला.

"धाकटे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात घाई नव्हती, "बाही किती ठेवू?"

तिने उजवा हात पुढे केला, डाव्या हाताची चार बोटं मनगटाच्या हाडावर आडवी ठेवली आणि त्यांच्या वर, कापडावर, अंगठ्याने जागा दाखवली.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "पाण्यात भिजायला नको. मी जात नाहीये, दादा. मी इथेच, माझ्या टेबलावर राहणार आहे."